घोड्याच्या चार पायांची पेटी

मित्रांनो, अक्रोडाच्या लाकडाची, पितळी कडीची मी एक म्हातारी पेटी. माझं आयुष्य कॅन्ससच्या पश्चिमेला, गव्हाच्या शेतांमधल्या एका गावात, तिथल्या सरकारी शाळेच्या प्रयोगशाळेत गेलं.

मला ऑर्विल टीमन सरांनी घडवलं. ते तिथे विज्ञान शिकवत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी संग्रहालयात बसून फार पुरातन काळच्या घोड्यांच्या पायांचे प्लास्टरचे नमुने करून आणले आणि माझ्या चार खणांत ओळीने मांडले. पहिला पाय कुत्र्याएवढ्या जनावराचा, त्याला चार बोटं. दुसऱ्याला तीन. तिसऱ्यालाही तीनच, पण मधलं जाडजूड आणि बाजूची दोन आखडलेली. चौथा पाय मात्र खराखुरा होता, सरांच्या मेलेल्या घोडीचा. एकच बोट, एकच खूर, आणि नळीच्या हाडाला दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या दोन हाडकाड्या.

सर मुलांना डोळे मिटायला लावत आणि एकेक पाय हातात देत. "बाकीची बोटं गेली कुठे?" एवढंच विचारत. ती मुलं घोड्यांत वाढलेली. चाचपता चाचपता त्यांची बोटं त्या हाडकाड्यांवर येऊन थांबत, आणि कुणीतरी ओरडे, "ही त्या बोटांचीच उरलेली हाडं!" जिल्ह्याच्या प्रदर्शनात मला पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली. सर मला दर शनिवारी जवसाच्या तेलाने पुसत.

सर गेल्यावर त्यांचीच विद्यार्थिनी वर्ला श्राग तिथे विज्ञान शिकवू लागली आणि माझी धनीण झाली. रविवारी ती चर्चमध्ये पियानो वाजवायची आणि सोमवारी मला उघडायची. यात काही विपरीत आहे असं तिला वाटलं नाही, गावालाही नाही.

मग शाळा मंडळाची निवडणूक झाली. नव्या मंडळाने तीनविरुद्ध चार मतांनी ठराव केला की उत्क्रांतीचा धडा सुरू करण्यापूर्वी शिक्षकाने एक कागद वाचून दाखवायचा. त्यात लिहिलं होतं, उत्क्रांती हा निव्वळ तर्क आहे. सजीवांची घडण इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्यामागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असावा. आणि हेही विज्ञानच आहे.

मुख्याध्यापक फेंटन सर तो कागद घेऊन आले.

"वर्लाबाई, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वाचा आणि मोकळ्या व्हा."

"सर, देवाने जग केलं असं चर्चमध्ये मीही म्हणते. पण तिथे मी मानते म्हणून म्हणते. इथे मला ते दाखवता आलं पाहिजे."

फेंटन सरांनी दार लावून घेतलं. "माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत," ते हळूच म्हणाले. "मला यात ओढू नका."

वर्लाने कागद वाचला नाही. आठवड्याच्या आतच चर्चने तिला निरोप धाडला, पियानोपासून जरा विश्रांती घ्या. दुकानात ओळखीचे लोक तिची नजर चुकवून डब्यांवरची नावं वाचत उभे राहू लागले, असं ती फोनवर नवऱ्याला सांगताना मी ऐकलं. आणि एके सकाळी टेबलावर चिठ्ठी होती. 'तुझ्या मुली कोणत्या वाटेने घरी येतात ते आम्हाला ठाऊक आहे.'

तिचा तळवा कितीतरी वेळ माझ्या झाकणावर होता. शेरिफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे, जाण्यात अर्थ नव्हता, त्याचीच बायको ठरावाच्या पाठिंब्यासाठी सह्या गोळा करत होती. वर्लाने चिठ्ठीची घडी घालून माझ्यात, घोडीच्या पायाखाली लपवली. पाठोपाठ दोन आल्या. मित्रांनो, मी हाडं वागवायला झालेली पेटी. त्या तीन कागदांचं ओझं मला पेलेना. बाहेर पाऊल वाजलं की वर्ला खडू खाली ठेवायची.

एका दुपारी शाळा सुटल्यावर डेल्विन उन्रू आला. हा गावचा नालबंद. वर्लाचा शाळासोबती, आणि मंडळातल्या त्या चार मतांपैकी एक.

"मंडळाने पेटी न्यायला सांगितलंय. तपासणीसाठी."

"कसली तपासणी रे? हीच चाचपून तू पास झालास ना?"

त्याने मला उघडलं. भेगाळलेला अंगठा हाडकाडीवरून फिरवला. "इथे सुजलं की घोडा लंगडतो," तो म्हणाला. "आठवड्याला एक तरी असा येतोच."

"मग हात कशाला वर केलास?"

"पंचवीस तबेल्यांचं काम आहे माझ्याकडे, वर्ला. वीस तरी त्या बाजूचे. तुला निदान पगार आहे."

"किती दिवस?"

 घोडीचा पाय उचलताना त्याला चिठ्ठ्या दिसल्या. एक वाचली, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"अक्षर ओळखीचं आहे?" वर्लाने विचारलं.

"नाही," तो फार घाईने म्हणाला. चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि मला असा हिसका देऊन उचललं की तिसरा पाय फरशीवर पडून त्याचे तुकडे तुकडे झाले.

ते अक्षर त्याच्या धाकट्या भावाचं होतं. दुसऱ्या दिवशी आपल्या कामाच्या शेडमध्ये त्याने भावाला चिठ्ठ्या दाखवल्या. मी खाद्याच्या पोत्यांवर होते.

"नुसतं घाबरवायचं होतं रे तिला," भाऊ हसत म्हणाला.

"घाबरली ती. आता मीही घाबरलोय. तुला."

मंडळाच्या पुढच्या बैठकीत डेल्विनने मला आणि त्या चिठ्ठ्यांना टेबलावर ठेवलं. बैठक होती ते शाळेचं वाचनालय माणसांनी भरलं होतं. भावाचं नाव त्याने घेतलं नाही. "मी माझं मत मागे घेतो," एवढंच म्हणाला, तेही इतक्या हलक्या आवाजात की पुन्हा म्हणावं लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "नाल ठोकायला आता दुसरं गाव बघ." त्याने टेबलाची कड घट्ट धरली. ठरावावर पुन्हा मतं घेतली गेली, आणि तो तीनविरुद्ध चार मतांनी पडला.

पण वर्ला तोवर राजीनामा देऊन मुलींना घेऊन विचिटा शहराला निघून गेली होती. डेल्विनने मला परत आणून ठेवलं तेव्हा प्रयोगशाळेत नवीन बाई होत्या. त्यांनी मला उघडून पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आज कसलीही मनाई नाही, कसला कागद नाही. तरी त्या तो धडा शेवटच्या आठवड्यात ढकलतात आणि मग वेळ पुरत नाही.

परवा एका मुलीने विचारलं, "बाई, त्या पेटीत काय आहे?"

"जुनं सामान आहे. पुस्तक उघड."

तिने पुस्तक उघडलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही अशी बंद कपाटं असतील. माझी धूळ पुसायला या असं मी म्हणत नाही. धूळ मी सोसते. पण बाई नको म्हणाल्या तरी उद्या पुन्हा विचारा, परवाही विचारा. अंधारात पडल्या पडल्या मी रोज वर्ग भरल्याचा आवाज ऐकते, आणि कुणी काही विचारतं का याची वाट बघताना, एक दिवस कुणीच विचारणार नाही याची मला फार भीती वाटते.