प्यायच्या पाण्यात धुतलेली कोथिंबीर

गंगेवरच्या भाजीबाजारात आमच्या सासूबाईंची कोथिंबीर नावाजलेली. भागुबाई म्हटलं की बाया वाट वाकडी करून यायच्या. जुडी हातात उंच धरून त्या ओरडायच्या, "प्यायच्या पाण्यात धुतलेली हाय बाई! नाल्यात बुचकळलेली नाय!" माझी चार वर्षांची योगिनी आजीला बिलगून तेच ओरडायची, आजीपेक्षा मोठ्यानं.

आणि ते खोटं नव्हतं बरं का. आजूबाजूचे मळेवाले भाजी नाल्यात धुवायचे. आमच्याकडे जुड्या बांधल्या की अंगणातल्या हौदात बुडवून ठेवायच्या आणि त्याच हौदाचं पाणी घरात प्यायला. "गिऱ्हाईक आपल्या घरी जेवायला आलंय असं समजून भाजी द्यावी," असं सासूबाईंचं म्हणणं. मीही माहेरी जाऊन याच गोष्टीचा तोरा मिरवायचे.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात योगिनीला रक्ती आव लागली. अंगात ताप, पोटात मुरडा, फडक्यावर रक्त. माझ्या नवऱ्याला, जीवनला, मागच्या वर्षी आव झाली होती, त्याच्या उरलेल्या गोळ्या फडताळात होत्या. सासूबाईंनी त्यातलीच अर्धी कुटून मधातून चाटवली.

"आत्याबाई, ही गोळी हिला चालंल का?"

"आव ती आव! तिला काय जातपात असती व्हय? आन् पाणी नको देऊ, पाण्यानं जास्तच हगवण लागंल."

दुसऱ्या दिवशी पोर पार गळाली. डोळे खोल गेले, ओठ सुकले. रडायला तोंड उघडायची, पण आवाजच फुटत नव्हता. डोळ्यांत पाणीसुद्धा येत नव्हतं. सासूबाई मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला बसल्या आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेली ती दृष्ट! पोरीला उचललं आणि रिक्षात बसले. सासूबाईही तशाच धावत येऊन शेजारी बसल्या.

डॉक्टर मंजुषाताईंनी पोरीला तपासलं आणि आधी माझ्यावरच खेकसल्या. "पाणी कुणी बंद केलं? ही आवेनं जायच्या आधी पाण्यावाचून जाईल!" साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं सुरू झालं, सलाइन लागलं, शी तपासायला गेली. फडताळातल्या गोळ्यांचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"आजी, आवेलाही जाती असतात. तुमच्या मुलाला झाली ती अमिबाची होती. हिचा ताप आणि रक्त बघता ही जिवाणूंची दिसते, शिगेला म्हणतात त्याला. त्या गोळीला हा जंतू भीकसुद्धा घालत नाही, ह्याचं औषध वेगळं. आणि माणसाच्या विष्ठेतून येतो मेला. नखाखाली मावेल एवढा तोंडात गेला तरी पुरतो. पाणी कुठलं पिता?"

"आमच्या विहिरीचं. अमृत हाय!" सासूबाई ताठ बसून म्हणाल्या.

"विहिरीतून थेट घरात?"

"नाय, हौदात. तिथं कोथिंबीर धुतो ना आमी. प्यायच्या पाण्यात."

"आणि कोथिंबिरीला पाणी कुठलं देता?"

उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, तेव्हा कोथिंबिरीला आम्ही नाल्यावर मोटार लावतो. आणि नाल्याच्या वरच्या अंगाला तर नवी वस्ती झालेली, सगळे संडास त्यातच. पोरगी दिवसभर हौदाशी खेळायची आणि तहान लागली की ओंजळीनं तिथलंच पाणी प्यायची.

"अगं बाई!" मी ओरडलेच. "आत्याबाई, आपण भाजी कुठं धुतली? आपण नालाच हौदात आणून ओतला!"

"माझ्या सासूची रीत हाय ती," त्या पुटपुटल्या. "तवा कुनाला काय झालं?"

"तेव्हा नाल्यावर वस्ती नव्हती, आजी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सासूबाई एकट्याच घरी परतल्या. तपासणीत शिगेलाच निघाला. औषध लागू पडलं, ताप उतरला, आणि एका सकाळी योगिनी हळूच म्हणाली, "आई, पिठलं दे." मी तिथंच ढसाढसा रडले. लाज कसली त्यात!

घरी आलो तर हौद रिकामा! सासूबाईंनी स्वतः उतरून तो ब्लिचिंग पावडरनं घासला होता. संडासाबाहेर साबणाची वडी टांगली होती. पिण्याचा पिंप वेगळा, झाकण लावलेला. त्या नुसत्या म्हणाल्या, "पाणी उकळून ठिवलंय." मला मात्र धास्ती वाटत होती. बाजारात आता ही बाई काय ओरडणार? तिचं सगळं नावच त्या एका ओळीवर होतं.

योगिनी हिंडायला लागली तशी आम्ही तिघी गंगेवर गेलो. सासूबाईंनी जुडी उचलली, तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. मग खाकरून ओरडल्या, "घरी नेऊन चांगल्या पाण्यात धुवून घ्या गं बायांनो! मगच लेकरांना द्या!"

शेजारची आक्काबाई फिदीफिदी हसली. "भागुबाय, येड लागलं का? सोताच्याच मालाला नावं ठिवती?"

"ठिवीन! नात मरता मरता वाचली माझी. तू गप बस."

एक बाई थबकली. "मग घेऊ की नको, आजी?"

"घे की! लय ताजी हाय. फक्त धुवून घे."

बाईनं दोन जुड्या घेतल्या. सासूबाईंनी पैसे घेतले आणि पुढची जुडी उचलली. तेवढ्यात त्यांच्या मांडीला टेकून उभी असलेली माझी काटकुळी पोर पुढं झाली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "धुवून घ्या गं बायांनो!"

पलीकडच्या ओळीतल्या बायासुद्धा वळून बघायला लागल्या.