बीटाचं गणित

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुमच्या उजव्या हातात थाळीफेकीची थाळी आहे. लाकडाची, कडेला लोखंडी पट्टी असलेली, किलोभर वजनाची. पायाखाली सिमेंटचं वर्तुळ आहे, तुमच्या वडिलांनी एका रविवारी शाळेमागे स्वतः ओतलेलं. समोर पेरणीसाठी तयार केलेलं काळं रान आहे, आणि ते इतकं सपाट की पार टोकाला मालगाडी जाताना दिसते, आवाज मात्र मागाहून येतो. तुम्ही गिरकी घेता, थाळी सुटते, आणि सुटताना बोटाच्या पेराला जे जाणवतं त्यावरूनच तुम्हाला समजतं की आज ही लांब जाणार.

नोएलिया कांतूला तसं समजलं, आणि नेमकी त्याच वेळी वर्गाची खिडकी उघडली.

"नोएलिया, थाळी राहू दे तिथंच. आत ये जरा."

थाळी कुठवर गेली ते पाहायचं राहिलं ते राहिलंच.

ऑरिन हेगस्टाड सर त्या शाळेत गणित शिकवायचे, कोणत्या मुलाने पुढे काय करावं ते सांगायचे, दुपारी मैदानावर शिट्टी वाजवायचे आणि स्पर्धेच्या दिवशी बसही चालवायचे. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, रेड रिव्हरच्या खोऱ्यातल्या लहान शाळांमध्ये एका माणसाच्या वाट्याला इतकं येतंच. वाईट बातमी द्यायची असली की सर आधी फळा पुसत. आज फळा कोरा होता, तरी ते पुसत होते. नोएलिया दारातच थांबली.

"पात्रता केंद्राचं उत्तर आलं," सर फळ्याकडे बघत म्हणाले. "त्यांनी तुझं गणित धरलं नाही."

"कुठलं गणित?"

"बीटाचं."

आता हे बीटाचं गणित काय, ते सांगतो. त्या खोऱ्यात ऑक्टोबर उजाडला की साखरेचे बीट निघतात. जमीन गोठायच्या आत सगळं पीक बाहेर यावं लागतं, म्हणून यंत्रं दिवसरात्र चालतात आणि ज्याचे पाय क्लचपर्यंत पोचतात तो ट्रकवर बसतो. त्या दिवसांत शाळा बंद नसते, पण रिकाम्या बाकांकडे कुणी फारसं बघत नाही. परतलेली मुलं बीजगणितात हमखास मागे पडायची. पूर्वी ती शाळाच सोडायची. ते बघवेना म्हणून सरांनीच वीसेक वर्षांपूर्वी एक तोड काढली. मार्चमध्ये शाळा सुटल्यावर मुलांना संगणकासमोर बसवायचं. पडद्यावर प्रश्न येतो, उत्तर दाबायचं. चुकलं तर दुसरं दाबायचं, बरोबर येईपर्यंत दाबत राहायचं. आठवड्यात वर्षाचं बीजगणित हातावेगळं. राज्याला ते चालायचं, दाखला मिळायचा. गावात त्याला बीटाचं गणित म्हणत, आणि सरांना दुवा देत.

गेल्याच्या गेल्या हंगामात नोएलियाच्या वडिलांचा खांदा निखळला. ते व्हर्न लिंडक्विस्टच्या शेतावर ट्रक चालवायचे आणि राहतं घरही लिंडक्विस्टचंच होतं. ट्रकवर दुसरा माणूस आला असता तर घरातही दुसरा माणूस आला असता. म्हणून नोएलिया ट्रकवर बसली, आणि मार्चमध्ये संगणकासमोर बसली. त्यानंतर तिने राज्यातली सगळ्यांत लांब थाळी फेकली. मोठ्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली. विद्यापीठाच्या प्रशिक्षक ब्रँडव्होल्ड बाई घरी येऊन आईच्या हातचे तमाले, मक्याच्या पिठाचे उकडलेले, दोनदा मागून खाऊन गेल्या. एवढं सगळं झालं. राहिला होता फक्त पात्रता केंद्राचा होकार; विद्यापीठाकडून कोण खेळू शकतं ते तेच ठरवतं.

सरांनी हलक्या आवाजात नियम सांगितला. विद्यापीठाकडून खेळायचं तर ठरलेले विषय शिक्षकासमोर बसून शिकलेले हवेत, आणि त्यातले दहा तरी शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी पुरे झालेले हवेत. तिचे नऊ भरत होते. दहावा म्हणजे हे गणित.

"मग मी आता शिकते की सर. रोज थांबते शाळा सुटल्यावर."

"आता शिकलीस तर गणित येईल तुला. पण मोजायचा दिवस गेल्या सप्टेंबरातच संपला, पोरी."

नोएलियाने विचारलं, की ती त्या विषयात नापास झाली होती का. सर म्हणाले, नाही, मी तुला सगळ्यांत वरची श्रेणी दिली होती.

ती दारातून आत आली. मग म्हणाली, "लिंडक्विस्टच्या लेकीने, कर्स्टनने, केलं होतं बीटाचं गणित?"

"नाही."

"मग इतक्या वर्षांत कुणी कुणी केलं?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. रुळांपलीकडे शेतमालकांनी गड्यांसाठी बांधलेली एकसारखी घरं होती. "तुमच्या ओळीतल्यांनी," ते म्हणाले. "त्यातलं कुणी विद्यापीठात खेळायला निघालंच नाही कधी. म्हणून माझ्या लक्षात आलं नाही."

ते खरंच बोलत होते. नोएलियाला ते खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सरांनी ब्रँडव्होल्ड बाईंना फोन लावून मधे टेबलावर ठेवला. बाईंचा आवाज मधात बुडवलेला. नोएलिया किती गुणी, किती कष्टाळू, हे सगळं त्यांनी सांगितलं. दोन वर्षांच्या एखाद्या लहान कॉलेजातून फिरून यायची वाट असते, असंही सुचवलं. पण तिथे शिष्यवृत्ती नव्हती आणि थाळी शिकवणारंही कुणी नव्हतं, ते मात्र सरांना विचारून काढावं लागलं. शेवटी बाई म्हणाल्या की जागा रिकामी ठेवणं त्यांच्या हातात नाही. विस्कॉन्सिनची एक मुलगी आहे, तिला मंगळवारीच कळवलं.

तो गुरुवार होता.

"म्हणजे तिला मंगळवारी कळलं आणि मला आज," नोएलिया म्हणाली.

मग बाई म्हणाल्या, आईला सांग हं, तमाले अजून जिभेवर आहेत.

शाळा सुटल्यावर नोएलिया रानात गेली. थाळी ढेकळांत रुतली होती. कुठपर्यंत गेली ते तिने मोजलं नाही. ती शाळेची होती, म्हणून बाहीने पुसून कपाटात ठेवली आणि घरी गेली.

गावात बातमी पसरायला पेट्रोल पंपावरची खानावळ पुरेशी होती. नोएलियाची आई अल्मा तिथे सकाळची अंडी तळायची. नोव्हेंबरपासून पंपाबाहेरच्या मोठ्या पाटीवर सुटी काळी अक्षरं लावून लेकीचं अभिनंदन केलेलं होतं. थंडीत दोनदा पडलेली अक्षरं अल्माने स्वतः पुन्हा चढवली होती. पंपाचा मालक भला माणूस. त्याने चारपाच दिवस वाट पाहिली, मग म्हणाला, अल्मा, घाई नाही, पण शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला अक्षरं कमी पडताहेत. अल्माने शिडी लावली. लेकीचं नाव एकेक अक्षर करून खाली उतरवलं आणि त्यातलीच काही अक्षरं माशांसाठी परत वर लावली.

त्याच आठवड्यात व्हर्न लिंडक्विस्ट कॉफीला आला. नोएलिया आईच्या मदतीला टेबलं पुसत होती. लिंडक्विस्ट मनाचा वाईट नव्हता. दर नाताळला ओळीतल्या प्रत्येक घरी तो हॅम पाठवायचा. त्याची कर्स्टन त्याच विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळायला निघाली होती. त्याला नोएलियाचं वाईट वाटत होतं, आणि ते त्याने शेजारच्या चार टेबलांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"कसं आहे, नोएलिया, शिक्षणाकडे आधीपासून लक्ष द्यावं लागतं," तो म्हणाला. "आमच्या कर्स्टनला बीटाच्या दिवसांत आम्ही शेताकडे फिरकूसुद्धा देत नाही. शाळा बुडते."

अल्माच्या हातातला कालथा तव्यावर थांबला. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, व्हर्न, जाऊ दे ना. व्हर्नला आपण काय बोललो ते कळलं नाही. त्याने कप पुढे केला, नोएलियाने त्यात कॉफी ओतली.

"म्हणजे ऑक्टोबरात तू मोकळीच आहेस की," तो म्हणाला. "तुझ्यासारखं ट्रकवर कुणी बसत नाही बघ."

"आहे मोकळी," नोएलिया म्हणाली.

उन्हाळाभर तिने बीटाच्या रांगांतलं तण काढलं. वर्तुळाच्या सिमेंटला भेग गेली, भेगेतून गवत आलं. ऑगस्टमध्ये लिंडक्विस्टची मोठी गाडी कर्स्टनचं सामान घेऊन दक्षिणेकडे गेली. ती गाडी धुऊन, पेटारे चढवून देण्याचं काम नोएलियाच्या वडिलांकडे होतं.

मग ऑक्टोबर आला. लिंडक्विस्टने वडिलांना सांगितलं होतं की या वेळी धाकटीलाही पाठवा, ट्रक दोन आहेत. धाकटी डेल्फिना पंधराची होती. उन्हाळ्यात तिला गाडीचा परवाना मिळाला होता. वडिलांनी दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून होकारार्थी मान हलवली होती. त्या घरात लिंडक्विस्टपुढे मान एकाच तऱ्हेने हलायची.

सकाळी डेल्फिना सगळ्यांच्या आधी तयार. आईचं जाकीट, बापाची टोपी, पायात नोएलियाचे जुने बूट, काखेत थर्मास. नोएलियाने तिला पायरीवर अडवलं आणि शाळेत जा म्हणून सांगितलं.

"बीजगणिताचा तास आहे आज," डेल्फिना हसली. "त्यासाठी शाळेत जाऊ? मार्चमध्ये दाबेन की बटणं. तू नाही दाबलीस?"

"म्हणूनच सांगते."

"आली मोठी सांगणारी. तुला तरी कुठे जायला मिळालं?"

अल्मा आतून ओरडली की असं बोलू नये. नोएलियाने तिला पायरीवर बसवलं. ती खाली वाकली, बहिणीच्या पायातले बूट एकेक करून ओढून काढले आणि ट्रकच्या केबिनमध्ये फेकले. थर्मासही घेतला. दप्तर आणून तिच्या मांडीवर ठेवलं. डेल्फिना नुसत्या मोज्यांनी पायरीवर बसून शिव्या देत राहिली.

लिंडक्विस्ट शेताच्या तोंडाशी उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, मला दोघी हव्या होत्या.

"दोन्ही ट्रक मीच चालवते," नोएलिया म्हणाली. "दिवसा हा, रात्री तो."

"झोपशील कधी?"

"बीट संपल्यावर."

तो हसला, मग ती हसत नाही हे बघून थांबला आणि बाजूला झाला.

शेतापासून बीटाच्या ढिगापर्यंतचा रस्ता शाळेवरून जातो. भरलेला ट्रक तिथे हळू करायचं काही कारण नाही; मागचे ड्रायव्हर भोंगा वाजवतात. नोएलियाने पहिल्या खेपेला तिथे ट्रक हळू केला. आत हेगस्टाड सर फळ्यावर लिहीत होते. इंजिनाचा आवाज ओळखून ते वळले आणि खडूचा हात वर केला. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने खिडकीजवळचा तिसरा बाक पाहिला. डेल्फिना तिथे होती, कुणाच्या तरी मोठ्या बुटांत, गाल फुगवून, समोर वही उघडून.

नोएलियाने गिअर टाकला. दुसऱ्या खेपेला तिने पुन्हा ट्रक हळू केला, आणि तिसऱ्याही.