स्टाउटचा सिलिंडर

"वेल्ड केलंस की जाळीदार क्रम्पेट-पाव भाजलास?" रॉय ओलरनशॉ म्हणाला. चहाच्या टेबलाभोवतीचे चौघे खदखदून हसले.

मी हातातली पत्र्याची पट्टी उलटी केली. जोडाच्या रेघेवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती, एका इंचात अकरा. मोजली होती मी.

"हात थरथरतोय तुझा, टॅम्सिन. रसायनशास्त्राच्या पदवीने हात बसत नाही, पोरी."

बेकप गावच्या जुन्या सपातांच्या कारखान्यातल्या आमच्या सामायिक शेडमध्ये हे चौथ्या दिवशीही चालू होतं. माझ्या व्हॅनच्या दाराखालचा पत्रा गंजला होता आणि त्यावरून ती वार्षिक तपासणीत नापास झाली होती. शुक्रवारी फेरतपासणी. सोमवारी डोंगरावरच्या जलाशयांवर पाण्याचे नमुने घ्यायची माझी पहिली नोकरी सुरू होणार, आणि तिथे बस जात नाही. स्वतःचं वाहन हवं, असं नेमणूकपत्रातच लिहिलं होतं. व्हॅन नाही तर नोकरी नाही. आणि गुरुवारची दुपार झाली होती.

मी वेल्डिंगला वापरत होते तो गॅसचा सिलिंडर रॉयचाच. मोठ्या कंपनीकडून घ्यायचा तर वर्षभराचा करार करावा लागतो, म्हणून आमच्याकडचे हौशी लोक पबमधून कार्बन डायऑक्साइड आणतात. बिअर नळाशी ढकलणारा तोच वायू वितळलेल्या पोलादाला हवेपासून झाकतो. रॉयचा मेहुणा टेरी पब चालवतो. रॉयने महिन्यापूर्वी वेल्डिंग सोडलं आणि हा जवळजवळ भरलेला सिलिंडर मला दिला. "वय झालं," एवढंच म्हणाला होता.

मी सगळं तपासलं होतं. नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. दारं लावून वारा अडवला. वेल्डिंग गनचं तोंड साफ केलं. भोकं आली की ग्राइंडरने खरवडायचं आणि पुन्हा जोडायचं. त्या खरवडण्यात चांगला पत्राही कागदासारखा झाला आणि बुधवारी त्याला करंगळी जाईल एवढं भगदाड पडलं. तेव्हाही रॉय मागे उभा. "सावकाश गं. गाडी सुटतेय का तुझी?"

"गॅस संपत आला नसेल ना?" टेबलावरून एकाने विचारलं.

"छे! दाबाचा काटा बघ तो. एवढा वर गेलेला काटा बघितलायस कधी कुणाचा? टेरी देतो तेव्हा गच्च भरूनच देतो."

मी काटा पाहिला. मग वही उघडली. सोमवार एकशे तीस बार. मंगळवार एकशे अठरा. बुधवार एकशे चार. आज ब्याण्णव. अक्षर माझंच.

माझे कान तापले. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रव होऊन बसतो. आमच्या गार शेडमध्ये त्याचा दाब पन्नासच्या आसपास असतो आणि द्रव संपेपर्यंत हलत नाही. तो एकशे तीसवर जाऊच शकत नाही. चार दिवस मी आकडे लिहीत होते आणि हाताकडे बघत होते.

"टेरीकडे स्टाउट मिळते, ती काळी बिअर?"

"मिळते की. का, तहान लागली?"

"तिचा सिलिंडर कोणता असतो?"

"तिचा वेगळा. त्यात नायट्रो..." रॉय थांबला.

"नायट्रोजन. वितळलेलं पोलाद तो पितं आणि थिजताना ढेकर देतं. ही त्याची भोकं. लेबल कुठे गेलं?"

"मी रंग मारला वरून. पबचा माल आहे हे दिसायला नको म्हणून."

"तुम्ही शेवटचं काय जोडलंत ह्याने?"

"ट्रेलरची चौकट. भोकंच भोकं. वाटलं, आपले हात गेले."

"म्हणजे तुमच्या जोडाला भोकं पडली तेव्हा गुपचूप घरी गेलात. आणि माझ्या जोडाला पडली तेव्हा चार दिवस तमाशा केलात? तीच भोकं, रॉय! तोच सिलिंडर! एकदा तरी बोलायचं होतंत!"

"मला काय माहीत..."

"मला सांगू नका. जिथे हसवलंत तिथे सांगा."

त्याने सांगितलं, टेबलाकडे तोंड करून. लगेच एकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्याने आल्याच्या पार्किन केकचा तुकडा पुढे केला. "बिचारा! महिनाभर उगाच जिवाला घोर." माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. मी चहाचा रिकामा मग सिंकमध्ये इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान तुटला.

मी नवा सिलिंडर आणायला टेकडीखालच्या दुसऱ्या पबमध्ये गेले. तिथली मालकीण डोरीन त्याचं लेबल पुढे करून म्हणाली, "लागर बिअरचा. निव्वळ कार्बन डायऑक्साइड. वाचून घे." मी दोनदा वाचलं. शेडमध्ये येऊन दाबमापक लावला: एकावन्न. दोन तास काम केलं तरी एकावन्नच.

पातळ झालेला सगळा पत्रा कापून काढावा लागला आणि ठिगळ दुप्पट मोठं झालं. पण गनमधून बेकन तळल्यासारखा सलग आवाज येत होता. भोक एकही नाही.

"मी एक रेघ मारून बघू?" रॉयने हळूच विचारलं.

"माझं झाल्यावर."

साडेआठला झालं. मी गन त्याच्या हातात दिली आणि घरी गेले. त्याची रेघ कशी आली ते बघायला थांबले नाही.

शुक्रवारी तपासनीसाने व्हॅनखाली जाऊन ठिगळावर हातोडी ठोकली, मग पुन्हा ठोकली. "एवढ्याशा गंजाला एवढं मोठं ठिगळ?"

"गंज एवढासाच होता," मी म्हणाले. "बाकीचा पत्रा माणसांनी खाल्ला."

त्याने खांदे उडवले आणि पासचा कागद माझ्या हातात दिला.