हिरवा खांब

आमच्या ह्यांना नव्या घरी नेलं की ते माणसांकडे बघत नाहीत, छपराकडे बघतात. नगरपालिकेत त्यांचं कामच ते. इमारतीबाहेर उघड्यावर जे जे लावलेलं असतं, पाट्या, टाक्या, पत्र्याच्या शेड, एसीची बाहेरची यंत्रं, ते वाऱ्याने उडणार नाही ना, हे नियमाप्रमाणे तपासायचं. ऑफिसात त्यांना बोल्टसाहेब म्हणतात. अर्थात, पाठीमागे.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण कुठल्याही हॉटेलात आम्ही मला आवडलेल्या टेबलावर बसलेलो नाही. का, तर वरचा दिवा एकाच स्क्रूवर आहे. सख्ख्या बहिणीच्या ब्युटी पार्लरची पाटी यांनी नोटीस बजावून उतरवली, आणि त्या पाटीवर तिचाच हसरा फोटो होता. नणंदबाईंनी तीन वर्षं आमचा उंबरा ओलांडलेला नाही. त्यामुळे मुलीच्या लग्नाचं बोलायला मुलाच्या घरी जायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी त्या घराबाहेर काय काय लावलेलं आहे ते विचारलं.

दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मुलगा गुणी होता. फक्त वडीलधाऱ्यांनी हो म्हणायचं बाकी होतं. मुलाचे वडील दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, त्याच्या वर गच्ची. "काकांनी गच्चीवर स्वतःच्या हाताने काहीतरी बांधलंय, तिथेच चहा आहे," असं मुलगी म्हणाली, आणि मी चिमटा टाकून तडक ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अहो, माझी शपथ घ्या. तिथे वाऱ्याचा 'वा'सुद्धा काढायचा नाही."

"पण जर…"

"जर नाही आणि तर नाही. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

त्यांनी शपथ घेतली. मी त्यांची पिशवी रिकामी केली. आतून टेप, पाना आणि ओढून ताण मोजायचा स्प्रिंगचा काटा निघाला. मुलगी दारात उभी राहून हसत होती. तिच्याकडून शपथ घ्यावी हे मला सुचलंच नाही. वास्तविक शाळेच्या सुट्टीत हीच पोरगी बापाबरोबर गावभरच्या गच्च्या पालथ्या घालायची.

गच्चीवर पोचलो आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. चार लोखंडी खांब, वर पत्र्याचं ऐसपैस छप्पर, सगळं हिरवंगार रंगवलेलं. प्रत्येक खांब रंगाच्या मोठ्या बादलीत उभा, आणि बादली सिमेंटने गच्च भरलेली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण इतक्या वर्षांत बोल्ट कुठे असायला हवेत एवढं डोळ्यांना कळायला लागलंय. तिथे ते नव्हते.

"तीन महिने रविवारचे रविवार खपलोय," डॉक्टर छाती फुगवून म्हणाले. "एकेक बादली पन्नास किलोची. हत्ती आला तरी हलायची नाही."

ह्यांनी तोंड उघडलं. मी कोपराने ढोसलं.

"रंग छान आहे," हे म्हणाले.

मला भरून आलं. माझ्या साडीलासुद्धा या माणसाने कधी छान म्हटलं नव्हतं.

आम्ही छपराखाली बसलो. मी खांबाला लागून, शेजारी मुलाची आई, समोर डॉक्टर आणि ती दोघं. हे मात्र बसेनात. माझ्या खुर्चीमागच्या खांबाला धरून उभे राहिले.

"बसा ना," मुलाची आई म्हणाली.

"उभंच बरं वाटतं. पाठ धरलीय."

पाठ कसली धरतेय! खांब धरला होता. मी डोळे वटारले, पण शपथ बोलण्यापुरती होती, धरण्याबद्दल मी काही म्हटलं नव्हतं. चहा आला, केक आला. हे एका हाताने चहा प्यायले, एका हातानेच केक खाल्ला. अधूनमधून डॉक्टर त्यांच्याकडे असे बघत, जणू पेशंट आ करायला तयार नाही.

बोलणी मात्र छान चालली होती. डॉक्टरांना मुलगी आवडली होती, आणि मुलाच्या आईने तर मला विहीणबाई म्हणायलाही सुरुवात केली. मग डॉक्टर खुशीत येऊन म्हणाले, "माझी एकच इच्छा आहे. लग्नाची मेजवानी इथेच, या छपराखाली. ऐंशी माणसं सहज मावतील. वर पंखे लावू, मधोमध मोठं झुंबर."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. भर वर्गात बाहेर जायची परवानगी मागणाऱ्या मुलासारखं पाहिलं. मी कपात तोंड घातलं.

तेवढ्यात वारा सुटला. कागदी रुमाल उडाले, मुलाची आई त्यांच्यामागे धावली. वर पत्रा धडधडला. माझी नजर सहज खाली गेली, आणि माझ्या शेजारची पन्नास किलोची बादली जमिनीपासून उचलली गेली. अलगद. आणि पुन्हा टेकली. मी चहा गिळायचा विसरले.

मुलगी उठली. रमतगमत गेल्यासारखी पलीकडच्या खांबापाशी गेली आणि तोही धरून उभी राहिली.

"बाबा," तिने विचारलं, "तुमचा किती उचलला गेला?"

ह्यांनी शपथ मोडली नाही. मुकाट्याने दोन बोटं वर केली.

"माझा एक बोट," ती म्हणाली, आणि डॉक्टरांकडे वळली. "काका, राग मानू नका. हे छप्पर उडणार."

मुलगा आकाशाकडे बघायला लागला. संपलं, मला वाटलं. नणंद गेली, आता जावईही गेला.

"पन्नास-पन्नास किलो ओतलेत मी!" डॉक्टरांचा चेहरा लाल झाला.

ह्यांचा चेहरा तर जांभळा झाला होता. मला राहवलं नाही. "बोला हो एकदाचं! नाहीतर फुटाल."

आणि बांध फुटला. जड असणं वेगळं आणि घट्ट असणं वेगळं. वारा नुसता ढकलत नाही, छपराखाली शिरून वर उचलतो. पत्रा जितका मोठा तितकी ओढ मोठी. खांबाखाली लोखंडी पट्टी हवी, तिला चार बोल्ट हवेत, आणि ते बोल्ट स्लॅबमध्ये खोल गेलेले हवेत. बादली नुसती टेकलेली असते. हे कलम, ते पोटकलम. मी थांबवलं नसतं तर परिशिष्टही म्हणून दाखवलं असतं.

डॉक्टरांचे कष्टाचे तीन महिने गेले होते, मला त्यांचंही वाईट वाटलं.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "या खांबांना मूळ नाहीये."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. गुडघ्यांवर बसले. बादली दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवून पाहिली, मग वाकून तिच्या खाली पाहिलं.

"हलतोय," ते म्हणाले. आवाज पार बदललेला, दवाखान्यातला. "चारही हलतायत. आणि असल्या हलत्या दातांवर मी ब्रिज बसवायला निघालो होतो."

"तीन महिने मी तेच सांगतेय," त्यांची बायको रुमाल गोळा करत म्हणाली. "तर म्हणे तुला काय कळतंय."

डॉक्टर उठून हात झटकत मुलीला म्हणाले, "माझ्या तोंडावर खरं बोलणारी या घरात एक होती. आता दोन होणार. माझं काही खरं नाही." मग ह्यांच्याकडे वळून, "मला हे सगळं लिहून द्याल का?"

"लेखी?" ह्यांनी विचारलं. मुलगी झाली तेव्हा नर्सने बातमी दिली होती, तेव्हा जसा चेहरा उजळला होता, तसा उजळला.

टेबल उन्हात ओढलं. नियमाप्रमाणे दुरुस्ती होईपर्यंत छपराखाली कोणी बसायचं नव्हतं. लग्नाची तारीख आम्ही डोक्यावर रुमाल घेऊन ठरवली.

घरी येताना माझा राग उफाळून आला. "तास-दीड तास खांब धरून काय मिळवलंत? सुरुवातीपासून सगळ्यांना कळत होतं तुम्ही तपासताय ते!"

"तपासत नव्हतो. ते पायरी चढतानाच दिसलं."

"मग?"

"तू बरोबर त्याच्याखाली बसली होतीस."

"आणि एवढं मोठं छप्पर तुम्ही एकटे धरून ठेवणार होतात?"

"नाही. हिशोब केला होता. माझं वजन कमी पडत होतं," ते म्हणाले. "म्हणून पोरीला खूण केली."

मी त्यांचा हात हातात घेतला. तळवा हिरवागार झाला होता. रंग अजून ओला होता, तेही या माणसाने कोणाला सांगितलं नव्हतं.