दुबार ठरलेली नोंद

मी एक नोंद बोलतेय. रेडिओ केंद्राच्या ग्रंथालयातल्या जाड कार्डावर टंकलेली. माझ्या कपाळावर ‘दुबार – रद्द’ असा शिक्का आहे. जरा तिरका बसलाय. पण कचेरीचा शिक्का तिरका असला तरी लागू होतोच.

माझा जन्म एका दुपारचा. एक शिवणशिक्षिका पहिल्यांदाच रेडिओवर गायली, पदराने घाम पुसत बाहेर आली आणि टंकलेखिकेने मला यंत्रात चढवलं. ‘येतेच मी. भावगीत.’ खाली बाईंचं नाव, पेटीवाल्याचं नाव, फितीचा क्रमांक.

“अगं बाई, माझं नाव एवढं ठळक?” बाई लाजल्या.

“सगळ्यांचंच तेवढं असतं,” टंकलेखिका म्हणाली.

गाणं वर्षभर अधूनमधून वाजलं. मग त्याच नावाचा चित्रपट आला. त्यातली नायिका येते म्हणते आणि तीन तास येत नाही; लोकांना फार आवडला. त्याचं शीर्षकगीत माझ्या मागे येऊन बसलं. पुढे एका नामांकित गायिकेने आठ गाण्यांचा अल्बम काढला. नाव तेच, आणि त्या आठांत त्या नावाचं गाणंच नाही! तीही नोंद माझ्या मागे. एका नावाच्या तीन बायका शेजारी राहिल्या, तर त्यांतल्या दोघींना कोणी दुबार म्हणत नाही. ती सवलत फक्त माणसांना.

मग नवे साहेब आले. कोऱ्या फिती संपल्या होत्या.

“एकाच नावाच्या तीन-तीन फिती कशाला पोसताय?” त्यांनी कारकुनाला विचारलं.

“साहेब, गाणी वेगळी असतील. ऐकून बघू का?”

“ऐकत बसलात तर कामं कधी करणार?”

हे वाक्य गाण्यांच्या ग्रंथालयात उच्चारलं गेलं, हे मुद्दाम सांगते.

कारकुनाने फिती न ऐकताच माझ्यावर शिक्का मारून सही केली. चित्रपट गाजलेला, गायिका मोठी. पुसायला सोपी माझीच फीत. तिच्यावर साहेबांचं वक्तशीरपणावरचं भाषण चढलं. भाषण ठरल्या वेळेपेक्षा लांबलं, त्यामुळे गाण्याचा शेवटचा सूरही उरला नाही.

बऱ्याच वर्षांनी बाईंची मुलगी आली.

“काका, आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. आता पाटीवर लिहून बोलते. माझ्या मुलीने आजीचा आवाज कधी ऐकलाच नाही हो. तेवढं एक गाणं मिळेल?”

कारकुनाने होत्या त्या दोन्ही फिती वाजवल्या. दोन्ही वेळा मुलीने मान हलवली. “ही आई नाही.”

मग त्याने कार्डांचा खण ओढला आणि मी हाताला लागले. त्याने मला वाचलं. शिक्का पाहिला, शिक्क्याखालची स्वतःची सही पाहिली. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्याने मला टेबलावर पालथं घातलं आणि वर पंजा ठेवला.

“ताई, अशी नोंदच नाही.”

“असं कसं? आई तर कायम सांगायची...”

“सांगायच्या हो. त्या काळात पुष्कळ जणी सांगायच्या, आम्ही रेडिओवर गायलो. सिनेमातलं गाणं ऐकून ऐकून आपलंच वाटायला लागतं माणसाला.”

मुलीने खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, “बरं. तिला नाही सांगत मी. उगाच कशाला लाजवायचं?”

आणि गेली. तिच्यापासून वीतभर अंतरावर मी, अंगावर तिच्या आईचं नाव घेऊन, तोंड दाबून पडले होते.

आवाज पुसला तो साहेबांनी. बाईंना खोटं पाडलं ते मात्र या भल्या माणसाने, आणि तेही ‘ताई’ म्हणून.

मला फाडण्याइतकं धाडस त्याच्यात नव्हतं. चार घड्या घालून त्याने मला डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली सरकवलं. तो निवृत्त झाला. निरोपसमारंभात त्याच्या चोख कामाचं कौतुक झालं, ते मी खालून ऐकलं.

कधी कोणी हे कपाट हलवलंत, तर माझ्या घड्या उलगडा. शाई पुसट झालीय, पण नाव वाचता येतं. त्या मुलीला शोधा आणि सांगा, तुझी आई गायली होती. गाणं तर आता कोणाच्याच हातात नाही. आईवरचा विश्वास तेवढा तिला परत द्या.