दार नैऋत्येला

आठ महिने! जर्मनीत, स्टुटगार्टात घर मिळवणं काय असतं, ते भोगलेल्यालाच विचारा. त्सुफेनहाउझेन भागातला हा फ्लॅट शिवांगीला एकदाचा मिळाला, पाच वाजता घरमालकीण कागदांवर नवरा-बायकोची सही घ्यायला येणार, आणि पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी, लतिकाबाईंनी, उंबऱ्यात फोनवरचं होकायंत्र धरून फर्मान काढलं, “दार नैऋत्येला. वास्तुदोष! या घरात मी पाऊल टाकणार नाही.”

नवरा मयुरेश विजेचा मीटर न्याहाळू लागला. आईसमोर त्याची दातखीळ बसते, यात नवीन ते काय! सही हुकली तर मागे चाळीस जण टपलेले. शेवटी शिवांगीने आपल्या इन्स्टिट्यूटमधल्या मैत्रिणीला, मेइला बोलावलं. मेइचे आजोबा चीनमध्ये फेंगशुई बघायचे. काट्याने काटा काढावा, दुसरं काय!

मेइ आजोबांचं लाकडी होकायंत्र घेऊन आली. आधी सगळ्यांचे फोन तिने खाली जिन्यात ठेवायला लावले. सुई थरथरली, ठरली. दार चक्क पूर्वेला!

“असं कसं?” लतिकाबाई चमकल्या. मेइने जिन्यातून त्यांचा फोन आणून त्याचं कव्हर दाखवलं. झाकण बंद राहावं म्हणून त्यात लोहचुंबक बसवलेलं!

शिवांगीला हसू फुटणार, तोच लतिकाबाई मटकन पायरीवर बसल्या. “चिंचवडच्या घराचं दार मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं गं. मी बोलले नाही. सहा महिन्यांत हे गेले.”

बारा वर्षं ही बाई हे उराशी घेऊन बसली होती! शिवांगीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने मेइला जर्मनमध्ये विचारलं, “खरं सांग, हे शास्त्र, धर्म, की नुसती अंधश्रद्धा?”

“गेनाऊ, अगदी हेच मी आजोबांना विचारायचे,” मेइ म्हणाली. “सुई खरी. वारा-पाणी बघून घर बांधणं शहाणपणाचं. त्यापुढचं त्यांनाही सांगता यायचं नाही. स्वतःचं घर त्यांनी अगदी पारखून बांधलं होतं. आजी तिथेच गेली, चाळिसाव्या वर्षी.”

शिवांगीने ते मराठीत सांगितलं. लतिकाबाईंनी मान वर केली.

“म्हणजे मी बोलले असते तरी?”

“तरी बाबा गेलेच असते, आई. तुमचा काही दोष नाही.”

लतिकाबाई पदर तोंडाला लावून रडल्या, आणि रडता रडता त्यांना एकदम हलकं वाटलं. तेवढ्यात खालची बेल वाजली. घरमालकीण आली.

“मयुरेश, उभा काय राहिलास? सही कर,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “आणि दार नैऋत्येला निघालं असतं ना, तरी आता मी हेच म्हणाले असते.”