कांद्याच्या चाळीचा तह

कारगिलची लढाई टीव्हीवर संपली आन आमच्या वारूळवाडीत सुरू झाली. कारण काय, तर कांदा साठवायची चाळ. शेजारचे मोहनशेट जैन, घरात कांदा आणत न्हाईत, आन आमच्या म्हाताऱ्यानं चाळ घातली ती बरोबर त्यांच्या सैपाकघराच्या खिडकीखाली. पावसात कांदा सडला, वास सुटला. शेट बोलले, तसा म्हातारा, आमचे हे रखमाजीराव, त्यांच्या सात पिढ्यांवर घसरला. दोन्ही घरांचं बोलणंच बंद झालं.

मग वाटाघाटी आल्या. आमच्याकडून कुंडलिक भावजी, त्यांच्याकडून पुतण्या कल्पेश. तटस्थ जागा पायजे म्हणून दोघं आळेफाट्याला हॉटेलात बसायचे. कल्पेश तिथं कांदाभजी हाणायचा, हे शेट सोडून साऱ्या गावाला म्हाईत. चाळ किती सरकवायची ते ठरलं, ताडपत्री कुणी आणायची ते ठरलं. अडलं कुठं, तर आधी कोण बोलणार. त्यातच दोन म्हैने गेले. असल्या रिकामटेकड्यांना सरहद्दीवर का धाडत न्हाईत, देव जाणे.

माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला व्हता. शेटची बायको कस्तुरबाई पर्युषणात आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहती. नवव्या दिवशी सकाळी उपास सुटतो, तवा मुगाच्या पाण्याचा पयला घोट मी पाजायचा. आमी दोघी नव्या नवऱ्या व्हतो तवापासनं असंच चालत आलंय. औंदा तो घोट कोण पाजणार?

कुंडलिक म्हणाला, "वैनी, दम धरा. संवत्सरीला शेट साऱ्या गावाची माफी मागत्यात. आपल्या दारात आले की तेच आधी बोलले. झाला तह." डोकं बघा मेल्याचं.

आले की शेट. संध्याकाळी, हात जोडून. "रखमाजी, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा."

म्हातारा मिशीतल्या मिशीत हसला. कुंडलिकला लगेच हाव सुटली. "चूक कबूल झाली. म्हंजी चाळ आता हाय तिथंच ऱ्हाणार."

"माफी मी कुत्र्यामांजराचीही मागतो," शेट म्हणाले. "चाळीचं कल्पेशशी बोला." आन निघून गेले. दोघं पुन्हा आळेफाट्याला जायला मोकळे.

दुसऱ्या दिवशी, नवव्या दिवसाच्या सकाळी, भिंतीपलीकडनं शेटच्या सुनेचा, राखीचा, आवाज आला. "आई, घ्या ना आता, चक्कर येईल." उन्हं वर चढली तरी तेच चाललेलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पदर खोचला आन निघाले, तर म्हातारा उंबऱ्यात आडवा.

"आपण आधी जायचं न्हाई, ठरलंय."

"तुमचं ठरलंय. तुमी बसा," मी म्हणलं आन त्याला बाजूला सारलं.

कस्तुरबाई पाटावर बसलेली. तोंड सुकून एवढंसं झालेलं, वाटी तशीच पुढं, पावणं सगळं खोळंबलेलं.

"किती वाट बघायला लावतेस गं, साळू," ती म्हणाली.

मी वाटी उचलली आन मला रडूच फुटलं. वाटी हातातच ऱ्हायली.

"रड हवं तेवढं," ती म्हणाली. "आधी पाज."